मिस्त्रींनी आधी जमीन मोजली

पैसे माझे, पण निवड मिस्त्रींची. घरामागच्या माझ्या छोट्या कार्यशाळेत जे स्लायडिंग पॅनल सॉ उभं आहे, त्याचं कुणी कौतुक केलं की मी आधी हे सांगते. लाकूडकामातलं मला जे थोडंफार येतं, त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून आलेलं आहे, आणि त्याबद्दल त्यांनी माझ्याकडून कधी एक रुपया घेतला नाही.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका दुकानात ते प्लाय कापून द्यायचे. मी शाळेत भूगोल शिकवत होते. पुस्तकं ठेवायला कपाट हवं होतं आणि ते आपल्या हाताने करावं अशी फार इच्छा होती. वहीत मापं लिहून मी दुकानात गेले. आठ बाय चारचा एक बोर्ड, त्यातून एकेक फूट रुंदीच्या चार फळ्या. मिस्त्रींनी वही पाहिली आणि शांतपणे विचारलं, "ताई, मग ब्लेडने काय खायचं?" ब्लेड प्रत्येक कापाला तीन मिलिमीटरच्या आसपास लाकूड खातं, हे मला ठाऊकच नव्हतं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी त्यांनी माझ्याच वहीत तीनशे मिलिमीटरच्या चार फळ्या आखून दाखवल्या आणि उरणारी चिंधी कुठे वापरायची तेही सांगितलं. लाकडाच्या रेषांचा रोख कपाटाच्या उभ्या दिशेला ठेवायचा, हेही त्याच दिवशी कळलं.

पुढे मी सुट्टीच्या दिवशी नुसती बघायला जाऊ लागले. साध्या टेबल सॉवर लाकूड हाताने ब्लेडकडे ढकलावं लागतं. पॅनल सॉवर बोर्ड टेबलावर पडून राहतो आणि टेबलच त्याला घेऊन ब्लेडजवळून सरकतं. लहान तुकडा असला की मिस्त्री तो टेबलाला क्लॅम्पने आवळत आणि दोन्ही हात लांब ठेवून टेबल ढकलत. ते नेहमी ब्लेडच्या डावीकडे उभे राहत. लाकूड अडकून मागे फेकलं गेलं तर ते ब्लेडच्या रेषेतच येतं, आणि त्या रेषेत ते स्वतः कधी उभे राहिले नाहीत, मलाही राहू दिलं नाही. सरकत्या टेबलाची अशी करवत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ या जर्मन कारागिराने १९०६ साली बर्लिनमध्ये केली, हे मी फार उशिरा वाचलं. तिचा उपयोग काय, हे त्याआधी मी मिस्त्रींच्या उभं राहण्यातून शिकले होते.

निवृत्त झाल्यावर गॅरेज रिकामं करून मी कार्यशाळा थाटली आणि मशीनची माहितीपत्रकं जमवली. मनात ठसलं होतं ते दुकानातल्यासारखंच, ३,२०० मिलिमीटर टेबलाचं. अख्खा बोर्ड एका दमात कापता यावा, एवढंच डोक्यात होतं. मिस्त्री घरी आले तेव्हा ती पत्रकं मी त्यांच्यासमोर मांडली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि खडू मागितला.

जमिनीवर त्यांनी ब्लेडची जागा म्हणून एक फुली मारली. तिथून पुढे सव्वातीन मीटर, मागे सव्वातीन मीटर. टेबल दोन्हीकडे जातं, म्हणजे साडेसहा मीटर त्यालाच लागणार, आणि माणसाला वावरायला जागा वेगळी. माझं गॅरेज वीस फूट, म्हणजे सहा मीटर. खडूची रेघ भिंतीला जाऊन थांबली. मग त्यांनी त्याच फुलीपासून दोन मीटरच्या टेबलाची आखणी केली. ती बसली, दारापाशी जागाही उरली. टेबलाच्या डावीकडे बोर्डाला आधार देणारी चौकट सुटी करून भिंतीला टेकवता येते, हेही त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "ताई, गेल्या दोन वर्षांत काय काय केलंत?" मी आठवून सांगत गेले: कपाटं, एक अभ्यासाचं टेबल, नातवाचा पलंग, देवघर. अख्ख्या बोर्डाचा लांब काप यांत फार थोड्या वेळा होता. तो काप दुकानात करून आणायचा आणि काटकोनाचं बारीक काम घरी करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. स्कोरिंग ब्लेडबद्दलही त्यांनी आधी कामाचंच विचारलं. मुख्य ब्लेडच्या पुढे हे छोटं ब्लेड उलट्या दिशेने फिरतं आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर खाच पाडतं, त्यामुळे तिथला थर उडत नाही. प्री-लॅमिनेटेड बोर्ड कापायचा तर ते हवंच. मी साध्या प्लायवर सनमाईका नंतर चिकटवते आणि कडा मग साफ करते, त्यामुळे मला त्यावाचून अडत नव्हतं. मोटर सिंगल फेजवर चालणारी, तीन हॉर्सपॉवरची. मोठ्या मशीनना थ्री फेज लागतो आणि त्यासाठी मीटरपासून सगळं बदलावं लागलं असतं. भुस्सा ओढणाऱ्या यंत्रासाठी मात्र पैसे राखून ठेवा, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं. एमडीएफची धूळ त्यांनी वर्षानुवर्षं छातीत घेतली होती.

मशीन बघायला ते माझ्याबरोबर आले. विक्रेता रंग, गॅरंटी, हप्ते यांबद्दल सांगत होता. मिस्त्रींनी प्लायचा एक चौकोनी तुकडा मागून घेतला. एक बाजू कापली, कापलेली कड आडव्या गाइडला टेकवून दुसरी कापली, असं फिरवत चारही बाजू झाल्या. पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची एक बारीक पट्टी काढली. पट्टीची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजली तर पाऊण मिलिमीटरचा फरक. कोनातली चूक चार वळणांत चौपट होऊन पाचव्या पट्टीत दिसते, तेव्हा फरकाला चारने भागायचं. गुण्या लावून जे डोळ्याला दिसलं नसतं, ते त्या पट्टीने दाखवलं. विक्रेत्याने गाइडचा स्क्रू सरकवला, मिस्त्रींनी पुन्हा पाच काप घेतले, आणि दोन्ही टोकं जुळली तेव्हाच माझ्याकडे बघून मान हलवली.

तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर मी ते पाच काप घेते. आता मिस्त्री भोरकडे गावी असतात. देवघराचं दार मी त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि बिजागरी एक सूत खाली हवी होती एवढंच म्हणाले. पुढच्या देवघराला मी ती तशीच लावली. मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण मला शिकवताना त्यांनी जेवढा धीर धरला तेवढा मी वर्गात धरला होता असं मला म्हणवत नाही.

घरगुती कार्यशाळेसाठी पॅनल सॉ घ्यायचं मनात असेल, तर दीड ते दोन मीटरचं टेबल बहुतेकांना पुरतं, असं माझं मत आहे. पण माझ्या मतावर जाऊ नका. तुमच्या गावात प्लाय कापून देणारं दुकान असेलच. तिथल्या मशीनवरच्या माणसाला गर्दी नसताना भेटा, आपल्या कामांची यादी दाखवा आणि तो काय विचारतो ते ऐका. त्याने वेळ दिला, तर त्या वेळेचं मोल विचारायला विसरू नका.