ऑप्टोमेट्रीची फी आणि लष्कराचा करार

अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्ट व्हायचे तर पदवीनंतर आणखी चार वर्षे शिकावे लागते. तिथला ऑप्टोमेट्रिस्ट चष्म्याचा नंबर तर काढतोच, शिवाय काचबिंदू ओळखतो, औषधेही लिहून देतो. या चार वर्षांचा खर्च राहण्या-खाण्यासकट दोन लाख डॉलरच्या घरात किंवा त्याहून वर जातो. केंद्र सरकारच्या कर्जाचे व्याज अलीकडे आठ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यात २०२५च्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ कर्ज बंद केले आणि अशा पदव्यांच्या सरकारी कर्जाला वर्षाला ५० हजार व एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा घातली. त्यापुढचे पैसे घरातून आणायचे किंवा खासगी बँकेकडून.

म्हणूनच अमेरिकी सैन्यदलांच्या ‘हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप प्रोग्रॅम’कडे लक्ष जाते. सक्तीची सैन्यभरती संपत आली होती. गणवेशातले डॉक्टर पुढे कुठून आणायचे, या काळजीतून १९७२मध्ये ही योजना आली. भूदल, नौदल आणि हवाई दल ती आपापली चालवतात. दल फी भरते, पुस्तकांचा खर्च देते आणि दरमहा दोन हजार डॉलरहून अधिक विद्यावेतन देते. वर्षातून ४५ दिवस प्रशिक्षण असते, त्याचा पगार वेगळा. बदल्यात जितकी वर्षे मदत घेतली तितकी वर्षे नोकरी, बहुधा किमान तीन. एकूण बांधिलकी मात्र आठ वर्षांची. उरलेली वर्षे नाव राखीव यादीत राहते. अट अमेरिकन नागरिकत्वाची आहे. तिथे जन्मलेल्या मराठी मुलामुलींना ही वाट खुली आहे, ग्रीन कार्डवाल्यांना नाही. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचा बॉण्ड ज्यांच्या घरात चर्चिला गेला आहे, त्यांना या कराराचे स्वरूप लगेच उमगेल.

पैशाचा हिशेब प्रत्येक शाखेचा निराळा येतो आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. शल्यचिकित्सकाची बाहेरची कमाई लष्करी पगाराच्या कितीतरी पुढे जाते. सेवेच्या वर्षांत तो जे गमावतो त्यातून फी केव्हाच फिटली असती. ऑप्टोमेट्रिस्टचे तसे नाही. बाहेर मध्यम कमाई वर्षाला १ लाख ३० हजार डॉलरच्या आसपास. सैन्यात तो पदवीनंतर कॅप्टनच्या दर्जाने, नौदलात लेफ्टनंट म्हणून रुजू होतो. मूळ पगारावर करमुक्त घरभाडे भत्ता आणि मोफत वैद्यकीय उपचार धरले तर दोन्हींतले अंतर बरेच कमी होते. त्यामुळे निव्वळ आकड्यांत ही शिष्यवृत्ती ऑप्टोमेट्रीच्या विद्यार्थ्याला फायद्याचीच ठरते.

पण कर्ज फक्त पैसे मागते. करार पत्ता मागतो. कुठल्या तळावर राहायचे हे दल ठरवते, इच्छा विचारली तरी शेवटचा शब्द त्याचाच. जोडीदाराची नोकरी, आईवडिलांचे आजारपण, गावात स्वतःचा दवाखाना थाटण्याचे स्वप्न हे सगळे त्या बदलीच्या हुकुमामागे उभे राहते. युद्धक्षेत्रात पाठवणी होऊ शकते, आणि ती शक्यता ज्याला आतून मान्य नाही त्याने कितीही कर्ज असले तरी सही करू नये.

कामाचे मोल मात्र खरे आहे. वायुरोधी मुखवट्यात बसणारी नंबरची भिंगे, वैमानिकांच्या नजरेच्या कसोट्या, लेसर शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची तपासणी, स्फोटाच्या धक्क्याने मेंदूला इजा झालेल्या जवानांचा दोन्ही डोळ्यांचा बिघडलेला मेळ: नवख्याला इतका अनुभव बाहेर क्वचित मिळतो. एका राज्याच्या परवान्यावर कुठल्याही तळावर काम करता येते. उलट तरुण, धडधाकट रुग्ण अधिक असल्याने म्हातारपणाचे नेत्रविकार कमी दिसण्याचा संभव असतो.

जागा थोड्या असतात, म्हणून अर्ज प्रवेशाच्या आधीच सुरू करावा लागतो. भरती अधिकाऱ्याशी बोलणे पुरेसे नाही. सेवेतल्या ऑप्टोमेट्रिस्टला भेटावे, आणि शिक्षण अर्धवट सुटले किंवा परवाना परीक्षा हुकली तर काय, हे करारातून वाचून घ्यावे. मन डळमळीत असेल तर पदवीनंतर थेट कमिशन घेऊन कर्जफेडीची मदत मागण्याचीही सोय आहे. ती दरवर्षी प्रत्येक दलात ऑप्टोमेट्रीसाठी असेलच असे नाही.