आग्रा रोडवरची भावंडे

मुंबईतल्या लालबहादूर शास्त्री मार्गाला आमच्या पिढीतली माणसे अजून ‘आग्रा रोड’च म्हणतात. ज्यांनी जन्मात आग्रा पाहिले नाही, तीही म्हणतात! पण हा रस्ता नावाला जागणारा आहे. ठाणे सोडून, कसारा घाट चढून, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करीत तो खरोखरच आग्र्याला पोचतो. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. २०१० साली क्रमांक बदलले आणि एका रस्त्याची अनेक नावे झाली.

आमचे घराणेही याच रस्त्यावर पांगले आहे. थोरली ताई लग्न होऊन इंदूरला गेली, धाकटा भाऊ नोकरीपायी आग्र्याला स्थायिक झाला आणि मी मुलुंडला मूळ धरून बसलो.

गेल्या जानेवारीत आम्ही उभयता मोटारीने निघालो, ते केवळ हौसेखातर नव्हे. मेव्हणे गेल्यापासून ताई एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. तिला मुंबईला आणायचे, असे आम्हा भावांचे टेलिफोनवर पक्के ठरले होते. तिच्याशी बोलण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिला मुक्काम धुळ्याला. दुसऱ्या दिवशी तापी ओलांडली. पळासनेर मागे पडले, सेंधव्याचा बिजासन घाट लागला आणि पाट्यांवरचा ‘ळ’ नाहीसा झाला. लिपी तीच, पण आपला मुलूख संपला हे त्या एका अक्षराने सांगितले. खलघाटला नर्मदेच्या पुलावर सौभाग्यवतींनी हात जोडले. उजव्या हाताला आत महेश्वर राहिले. अहिल्याबाईंनी तिथे राजधानी केली आणि १७९५ साली तिथेच देह ठेवला.

ताई दारातच उभी होती. लग्नकार्यात भेटणारी बहीण घाईत असते. तिच्या स्वतःच्या घरी ती वेगळीच दिसते. सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण पडले, सोबत जिलबी आली. तिच्या मराठीला आता माळव्याची डूब आहे. शेजारची दोन मुले न विचारता आत आली आणि अभ्यासाला बसली. भाजीवाल्याने ‘बाईजी, आज पाहुणे दिसतात’ म्हणून मेथीची एक जुडी जास्त टाकली.

रात्री तिने आम्हाला सराफ्यात नेले. दिवसा तिथे सोन्याचांदीचा व्यापार. रात्री दुकाने बंद झाली की त्यांच्याच दारांपुढे खाण्याचा बाजार भरतो. भुट्ट्याचा कीस, थंडीतले तळलेले गराडू! चार पावलांवर कोणीतरी ताईला नमस्कार करी. तिथेच, द्रोण हातात असताना, मी विषय काढला.

ती शांतपणे म्हणाली, “अरे, तुझ्याकडे मला काही कमी पडणार नाही. पण मुंबईत मला ओळखणार कोण? तुझा लिफ्टवाला?”

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढे देवास लागले. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ साली हवापालटासाठी तिथे आले आणि १९९२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत तिथलेच झाले. शिवपुरीत, जिथे तात्या टोप्यांना १८५९ साली फाशी दिले, तिथे क्षणभर थांबलो. ग्वाल्हेरला कॉलेजातल्या मित्राकडे मुक्काम. त्याने तानसेनची कबर दाखवली. महंमद गौसांच्या भव्य मकबऱ्याशेजारी ती अगदी साधी, लहानशी आहे. ‘बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथूनच गाणे शिकून दक्षिणेत गेले; आमच्याकडून काही ना काही नेल्याखेरीज तुम्ही जात नाही,’ असे म्हणून त्याने गजकाचे दोन पुडे हातात ठेवले.

चंबळ ओलांडून आग्र्याला पोचलो, तेव्हा भावाने मोटारीत डोकावून पाहिले आणि विचारले, “ताई कुठे आहे?”

मी सारे सांगितले. तो रागावलाच. “रात्री-अपरात्री तिला काही झालं तर? तू तिथे असणार आहेस का दादा?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. भीती खरीच आहे. संध्याकाळी आम्ही यमुनेच्या काठी गेलो, तेव्हाही तो गप्पच होता. मग सौभाग्यवती त्याला म्हणाल्या, “भावजी, भाऊबिजेची कथा हिचीच ना? यमराजाने यमुनेला आपल्या घरी नेलं नाही. तोच तिच्याकडे जेवायला गेला.”

भावाने नदीकडे पाहिले. मग म्हणाला, “नकाशा काढ.”

नकाशा सांगत होता की, इंदूर आम्हा दोघांच्या जवळजवळ मध्यावर आहे. दोन्हीकडून सुमारे सहाशे किलोमीटर. तेव्हाच ठरले. दर दोन महिन्यांनी आळीपाळीने एकाने ताईकडे जायचे, शेजाऱ्यांचे टेलिफोन क्रमांक दोघांकडे ठेवायचे, आणि भाऊबिजेला दोघांनीही तिथेच जेवायचे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या मोटारीत फराळाचे डबे चढत असतील. ताईने टेलिफोनवर बजावले आहे, “चकल्या आणू नका, मी केल्यात.”