पुतळा फ्लोराचा, पण बंड अनेकींचं

चि. ईशास,


इन्व्हर्नेसच्या किल्ल्यासमोरच्या पुतळ्याचा फोटो मिळाला. कपाळाशी हात धरून दूरवर पाहणारी बाई आणि तिच्याजवळ कुत्रा. "मावशी, ही कोण गं?" असं विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती फ्लोरा मॅकडोनल्ड. 1745 साली स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स आपल्या वडिलांसाठी ब्रिटनची गेलेली गादी परत मिळवायला स्कॉटलंडमध्ये उतरला. त्याच्या बाजूचे लोक म्हणजे जॅकोबाइट. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर तासाभरात त्यांचा धुव्वा उडाला आणि राजपुत्र जीव मुठीत धरून पळाला. त्याच्यावर 30,000 पौंडांचं इनाम होतं. फ्लोराने त्याला बेटी बर्क नावाची आयरिश दासी बनवलं आणि बेन्बेक्युला बेटावरून होडीने स्काय बेटावर पोचवलं. पुढे तिला अटक झाली, लंडनला नेलं आणि 1747 मध्ये सुटका झाली.

फ्लोराचं धाडस मोठंच. पण तिच्या नावापाशीच सगळे थांबतात, हे मला सलतं. बंड चालू असताना ते ज्यांनी अंगावर घेतलं, त्या बायका कुठे गेल्या?

अ‍ॅन मॅकिंटॉशचंच घे. वय जेमतेम बावीस-तेवीस. नवरा कुळाचा प्रमुख, पण सरकारी सैन्यात कप्तान. अ‍ॅनने त्याची वाट पाहिली नाही. त्याच्याच कुळातली शेकडो माणसं राजपुत्रासाठी उभी केली. लोक तिला 'कर्नल अ‍ॅन' म्हणू लागले. फेब्रुवारी 1746 मध्ये राजपुत्र तिच्या मॉय इथल्या घरी मुक्कामाला असताना सरकारी बाजूचा लॉर्ड लाउडन सुमारे दीड हजार शिपाई घेऊन रात्री त्याला पकडायला निघाला. इन्व्हर्नेसला राहणाऱ्या अ‍ॅनच्या सासूबाईंना सुगावा लागला आणि त्यांनी एका पोराला पुढे पिटाळलं, असं सांगतात. इकडे वाटेवर डोनाल्ड फ्रेझर हा लोहार आणि त्याचे चार साथीदार पहाऱ्याला होते. अंधारात त्यांनी बंदुका झाडल्या आणि निरनिराळ्या कुळांची नावं घेऊन आरोळ्या ठोकल्या. समोर अख्खी फौज आहे असं वाटून शिपायांनी पळ काढला. पुढे अ‍ॅनचा नवराच जॅकोबाइटांच्या हाती लागला, तेव्हा राजपुत्राने त्याला तिच्याच ताब्यात दिलं! कलोडननंतर अ‍ॅनलाही कैद झाली.

लेडी मार्गारेट ओगिल्वी नवऱ्याच्या पलटणीबरोबर फिरली. पकडून एडिंबरोच्या किल्ल्यात कोंडली, तर धोबिणीच्या वेशात निसटून फ्रान्सला गेली. जेनी कॅमेरॉनने राजपुत्राकडे माणसं आणली, तर विरोधकांनी तिच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारी पुस्तकं छापली.

या बायका विसरल्या जाण्याचं कारण मला इथेच दिसतं. सैन्य उभं करणाऱ्या बाईला शत्रूने बदनाम केलं. पुढच्या काळाला संकटातल्या पुरुषाला सांभाळणारी बाई अधिक भावली. म्हणून फ्लोरावर गाणी झाली आणि अ‍ॅन मागे पडली. माझं म्हणणं एवढंच की या बायकांनी राजपुत्राला नुसतं लपवलं नाही. माणसं जमवली, बातम्या पोचवल्या, तुरुंग भोगले. त्या बंडाच्या कडेला नव्हत्या, मध्यभागी होत्या.

मॉय इन्व्हर्नेसहून फार लांब नाही. सवड काढून जाऊन ये. आणि तुझ्या तिथल्या मैत्रिणींना अ‍ॅनबद्दल विचार. ठाऊक नसेल, तर तूच सांग.

तुझी,
मावशी