अजिंक्यताऱ्याची सकाळ

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर उतरून दक्षिणेकडे पाहिले की शहराला पाठ देऊन बसलेला एक लांबट डोंगर दिसतो. तोच अजिंक्यतारा. बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला आपण साताऱ्याला दहा वेळा जातो, मान वर करून गडाकडे बघतो आणि काम उरकून परत फिरतो. माझेही तसेच होते. पन्नाशी उलटली तरी मी कधी गड चढलो नव्हतो. शेवटी चढलो, तोही हौसेने नव्हे, तर झोप उडाली म्हणून.

त्या साली आमच्या आल्याला कंदकुज लागली. पाऊस थांबेना, सरीत पाणी साठले आणि बघता बघता निम्मा प्लॉट पिवळा पडला. बेण्याचे, खताचे पैसे उसने होते. मंडळी, पुढचे तुम्हाला सांगायला नको. रात्री दोनला डोळा उघडायचा तो मिटायचाच नाही. जेवणावर वासना राहिली नाही. पोरांवर उगाच ओरडायचो. दिवाळीनंतर घरच्यांनीच मला मेहुण्यांकडे साताऱ्याला धाडून दिले. मेहुणे एसटीतून निवृत्त झालेले. पहिल्याच पहाटे त्यांनी हाक मारली, "दाजी, उठा. गडावर जाऊन येऊ."

मी म्हणालो, "अहो, जन्मभर शेतात चालतोयच की. आणखी काय चालायचे?"

ते हसले. "शेतात तुम्ही कामामागं चालता. आज नुसतं चालायचं."

अंधार होता, हवेत गारवा होता. वाट मात्र माणसांनी भरलेली होती. कुणी मास्तर, कुणी दुकानदार, डोक्याला स्कार्फ बांधलेल्या बायका, भरतीची तयारी करणारी पोरे. गडावर गाडीरस्ता गेला आहे, तरी सकाळी बरीच मंडळी पायीच चढतात. पहिल्या चढालाच मला धाप लागली. मेहुणे म्हणाले, "बोलता येईल इतक्याच वेगानं चला. बोलणं बंद पडलं की पाय आवरायचा." मी तसे केले. हळूहळू श्वास आणि पाऊल यांचा मेळ बसला. पाऊण तासाने बुरुजांमधल्या दरवाजातून आत शिरलो, तेव्हा ध्यानात आले की एवढ्या वेळात आल्याचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

हा गड सुमारे ३,३०० फूट उंच. १६७३ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला. वर मारुतीचे देऊळ आहे, मंगळाईचे ठाणे आहे, तळी आहेत, ताराबाईंच्या वाड्याचे पडके अवशेष आहेत. मंगळाईच्या बुरुजावर उभे राहिले की खाली सातारा जागा होताना दिसतो. एका अंगाला यवतेश्वर, दुसरीकडे जरंडा, मागे सज्जनगड आणि दूर माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम. आपले गाव, आपले रान त्या धुक्यात कुठेतरी करवंदाएवढे. संकट तेवढेच असते, पण त्याच्याकडे लांबून बघायला मिळते.

तिथेच मेहुण्यांनी प्रयागजी प्रभूंची गोष्ट सांगितली. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने गडाला वेढा घातला. प्रयागजी किल्लेदार होते. मोगलांचा सुरुंग उडाला तेव्हा ते ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि त्यातून जिवंत बाहेर काढले गेले. पुढे १७०० च्या एप्रिलात गड द्यावा लागला, पण काही वर्षांतच तो पुन्हा मराठ्यांकडे आला. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला. गोष्ट सांगून मेहुणे गप्प बसले. मला जे समजायचे ते समजले.

आठ दिवस राहिलो, आठही दिवस चढलो. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून झोप लागू लागली. कर्ज एक रुपयानेही कमी झाले नव्हते. पण सोसायटीत कुणाशी काय बोलायचे, कोणता तुकडा पडीक ठेवायचा, हे नीट सुचू लागले.

असे का होते? काळजीने अंग सारखे ताठ राहते, जणू कुणी अंगावर धावून येतेय. चालण्याने तो ताठा उतरतो. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्री झोप वेळेवर लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. तुम्ही म्हणाल, आमचे श्रम त्याहून जास्त होतात. खरे आहे. शरीराला ते पुरतात. पण आपल्याच रानातून जाताना प्रत्येक पावलाला राहिलेले काम दिसते. तण दिसते, फुटलेला पाट दिसतो, वाळलेले रोप दिसते. पाय चालतात आणि मन तिथेच रुतून बसते. म्हणून रोजची एक वाट तरी रानाबाहेरची असावी.

तुमच्या गावाला गड नसेल. देवाची टेकडी असेल, कालव्याची कड असेल, फाट्यापर्यंतचा रस्ता असेल. हातात विळा नको, डोक्यावर ओझे नको, फोन घरीच ठेवा. पावसाळ्यात अंधारात जाणार असाल तर पायात बूट, हातात काठी आणि बॅटरी हवी. छातीत दुखत असेल, गुडघे धरत असतील, तर डॉक्टरांना विचारून सपाट वाटेने चाला. आणि घरच्या लक्ष्मीला मागे ठेवू नका. काळजी तिलाही असते, फक्त ती बोलत नाही. आमच्याकडे आता ती शेजारणीला घेऊन संध्याकाळी कालव्याने जाते आणि येताना दोघींचे हसणे मला ओट्यापर्यंत ऐकू येते.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. चालणे सगळ्यावर औषध नव्हे. दोन-दोन आठवडे मन उठतच नसेल, जगणे नको वाटत असेल, तर चालत बसू नका, घरच्यांना सांगा आणि डॉक्टर गाठा. सरकारची 'टेलि-मानस' सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या नंबरावर रात्री-अपरात्री फुकट बोलता येते, मराठीतही. त्यात लाज कसली? बैल बसला तर आपण डॉक्टर बोलावतोच ना?

पुढच्या खेपेला साताऱ्याला कोर्टाच्या कामाला आलात, तर मुक्काम करा. पहाटे उठून एकदा अजिंक्यतारा चढा. आणि घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, जी असेल ती वाट धरा.