क्षितिजालगतचा मित्र

नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे नरतुरंग तारकासमूहातला मित्र. अंतर सुमारे 4.37 प्रकाशवर्षं. डोळ्यांना एकच ठिपका दिसतो, पण तिथे दोन सूर्य आहेत आणि ते साधारण 80 वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. हा जोडतारा दुर्बिणीतून सुटा करून पाहण्याचं वेड मला उन्हाळ्यात वळसंगला घेऊन येतं. सोलापूरचा उजेड पाठीमागे राहतो आणि समोर भीमेकडे उतरत गेलेलं सपाट रान असतं. त्या बाजूला क्षितिज अगदी जमिनीपर्यंत मोकळं.

ते तसं लागतंच. कारण इथून मित्र कधीच बारा अंशांच्या वर चढत नाही. मेच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास तो दक्षिणेला सर्वांत उंच येतो. त्रिशंकू तोवर पश्चिमेकडे कललेला असतो, आणि मित्राच्या उजव्या हाताला थोडा मंद मित्रक दिसतो. एवढ्या खालच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो. माझी दुर्बीण सहा इंची. तिच्या ताकदीला ही जोडी काहीच नाही, सगळा प्रश्न हवेचा. दिवसभर तापलेली काळी जमीन मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असते, म्हणून सिमेंटच्या स्लॅबवर तर मी दुर्बीण लावतच नाही. वळीव पडून धूळ बसली की दुसऱ्या रात्रीची वाट पाहायची.

दुर्बिणीची नळी जवळजवळ आडवी होते, त्यामुळे सतरंजीवर गुडघे टेकूनच पाहावं लागतं. सुरुवातीला दिसतो एक उकळता गोळा, एका कडेला निळसर, दुसऱ्या कडेला तांबडा. हवा लोलकासारखे रंग वेगळे करते. डोळा हलवायचा नाही, फोकसला हात लावायचा नाही. मग मधेच हवा क्षणभर थांबते आणि गोळ्याचे दोन होतात, एक पिवळसर ठळक आणि त्याला खेटून दुसरा, थोडा नारिंगी.

शेताचे मालक काका वसिष्ठ-अरुंधती ओळखतात. त्यांनी बराच वेळ डोळा लावला. “एकच हाय की ओ,” म्हणाले. मी म्हटलं, “काका, बघत राहा.” थोड्या वेळाने डोळा न काढताच ते बोलले, “आता झाले दोन.” वसिष्ठ-अरुंधतीपेक्षा ही जोडी सुमारे सत्तरपट जवळ दिसते, हे मी त्यांना नंतर सांगितलं.

हे दोन तारे पहिल्यांदा वेगळे ओळखले गेले तेही भारतातूनच, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1689 च्या डिसेंबरात पाँडिचेरीत फादर रिशो हे जेझुइट धर्मगुरू एक धूमकेतू पाहत होते, तेव्हा दुर्बिणीत त्यांना मित्राचे दोन दिसले. तिथेही मित्र जेमतेम सतरा अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनाही हीच जाड हवा आडवी आली असणार, आणि दुर्बीण तर माझ्याहून कितीतरी साधी.

2016 मध्ये या दोघांतलं आकाशातलं अंतर चार विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा अगदी बारीक भाग) आसपास होतं. आता ते वाढून दहाच्या जवळ आलं आहे. 2029 नंतर ते पुन्हा मिटत जाईल आणि 2037 च्या सुमारास दोन विकलांच्याही आत येईल. इतकी जवळ आलेली जोडी वळसंगच्या क्षितिजावर सुटी होणं अवघडच. लहान दुर्बीण असेल त्याने हे मधले उन्हाळे दवडू नयेत.