तलावांचे दोन प्रांत

वर्ड्स्वर्थ कवीची कविता वर्गांत शिकवितांना आम्हांस दरवर्षीं एक अनुभव येतो. विंडरमियर, ग्रासमियर, अल्सवॉटर हीं सरोवरांचीं नांवें मुलें चार दिवसांत पाठ करितात. परंतु त्याच मुलांस ‘तुमच्या गांवच्या तलावाचें नांव काय?’ असें विचारलें, तर पुष्कळजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. यांत मुलांचा दोष नाहीं. पुस्तकांत छापलेलें तें ज्ञान, आणि घरामागें असेल तें नुसतें पाणी, अशी समजूत आपल्या समाजांत फार दिवसांची आहे. ती थोडी तरी ढळावी, या हेतूनें इंग्लंडांतील तो सरोवरांचा प्रांत आणि आपला भंडारा जिल्हा यांची येथें तुलना करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडच्या वायव्य टोकास कंबरलंड व वेस्टमोरलंड असे दोन जुने परगणे होते. १९७४ सालीं ते लँकेशर व यॉर्कशर यांच्या कांहीं भागांसह एकत्र करून कंब्रिया नांवाची कौंटी झाली. २०२३ सालीं तिचा कारभार पुनः दोन मंडळांत वांटला गेला. आपल्याकडेही १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा निराळा झाला. यावरून विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें, कीं नकाशावरील रेघा सरकार ओढतें व पुसतें. नदी, डोंगर आणि माणसांची राहणी त्या रेघांस विचारून चालत नाहींत. म्हणून पुढें भंडारा म्हणूं तेथें जुना, अविभक्त जिल्हा समजावा.

कंब्रियांतील डोंगर आपल्या सह्याद्रीच्या मानानें ठेंगणेच. सर्वांत उंच स्कॅफेल पाइक तें ९७८ मीटर. पण साऱ्या इंग्लंडांत त्याहून उंच शिखर नाहीं. हजारों वर्षांपूर्वीं या डोंगरांवरून हिमनद्या खालीं सरकल्या, त्यांनीं दऱ्या खोल कोरिल्या, आणि बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांत पाणी सांचून लांबट सरोवरें झालीं. डोंगरउतारावर मेंढ्या पाळणें हा तेथील शेतकऱ्यांचा जुना धंदा. वर्ड्स्वर्थचा जन्म १७७० सालीं याच प्रांतांतील कॉकरमथ येथें झाला, व त्याच्या कवितेनें ही भूमि जगास माहीत झाली. १९५१ सालीं ती राष्ट्रीय उद्यान ठरली, आणि २०१७ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेली.

आपले तलाव मात्र हिमनद्यांनीं केलेले नाहींत. ते माणसांनीं केले आहेत. आमच्या मतें या तुलनेचा सारा गाभा येथेंच आहे.

वैनगंगा शिवनी जिल्ह्यांत उगम पावून भंडारा व पवनी यांच्याजवळून दक्षिणेस जाते. चुलबंद नदी साकोली व लाखांदूर तालुक्यांतून येऊन तीस मिळते. आमचें दिघोरी याच लाखांदूर तालुक्यांतलें. पाऊस या मुलखांत पुष्कळ पडतो, पण तो चार महिन्यांत. आणि धानास पाण्याची खरी निकड लागते ती पाऊस मागें हटूं लागल्यावर, भाद्रपद-आश्विनांत. लोंब भरण्याच्या वेळीं एक पाणी चुकलें, तर रोवणीचे सारे श्रम वायां जातात.

या संकटास कोहळी लोकांनीं शोधिलेलें उत्तर म्हणजे तलाव. दोन टेकड्यांमधील खिंड पाहावी, तींत मातीची पाळ घालावी आणि वरच्या रानांतून येणारें पाणी तिच्यामागें अडवावें. पाळींत तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचें तोंड, बसवावें. आणि पुरानें पाळ फुटूं नये म्हणून एका बाजूस सलंग, म्हणजे जादा पाणी निघून जाण्याची वाट, राखावी. वरच्या तलावांतून निघालेलें पाणी बांध्यांत, बांध्यांतून बोडींत, बोडींतून पुढच्या गांवच्या तलावांत, अशी ती सांखळी. उशिरा पिकणारें भारी धान पाण्याजवळ व लवकर पिकणारें हलकें धान दूर, असा शेतांचाही क्रम असे. आणि पाणी न्यायानें वांटण्यास पाणकर नेमलेला असे. नवेगांव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला असें सांगतात. हें सारें ज्यांनीं केलें, त्यांनीं भूमितीचें पुस्तक उघडलें नव्हतें. पाणी कसें चालतें हें मात्र त्यांस पक्कें ठाऊक होतें.

या भूमीचे धनी अनेक झाले. पवनी येथें १९६९-७० सालीं झालेल्या उत्खननानें तेथील प्राचीन बौद्ध स्तूप प्रकाशांत आला. पुढें देवगडचे गोंड राजे, त्यांच्यामागून नागपूरकर भोसले, आणि १८५३ सालीं तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर इंग्रज. अंबागडचा किल्ला आज ओसाड पडला आहे. तलाव अजून धान पिकवीत आहेत. रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांत कोहळ्यांची नोंद आहे. पण पाळीवर मातीच्या टोपल्या वाहणाऱ्या हजारों स्त्रीपुरुषांचीं नांवें कोठेंच नाहींत.

१९५१ सालीं मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी जाणें हें न्यायाचेंच झालें. परंतु गाळ काढणें व पाळ सांवरणें हें जें काम गांवचें होतें, तें आतां कचेरीचें झालें. माजी मालगुजारी तलावांस लोक थोडक्यांत ‘मामा तलाव’ म्हणतात. मामाच्या घरीं जेवावयास सर्वांस आवडतें; त्याचें छप्पर शाकारावयास कोण जातो ? गाळ सांचला, बेशरमाचीं झुडपें माजलीं, आणि पुष्कळ ठिकाणीं तलावाचें डबकें झालें. तरी आशेस जागा आहे. जिल्ह्यांतील कांहीं ढिवर बांधवांनीं बेशरम उपटून तलावांत देशी पाणवनस्पती लाविल्या, आणि नाहींसे झालेले मासे तेथें पुनः दिसूं लागले.

माणसानें पाणी अडविल्याचीं उदाहरणें कंब्रियांतही आहेत. दूरच्या मँचेस्टर शहराची तहान भागविण्यास थर्लमियरचें पाणी १८९४ पासून जाऊं लागलें. पुढें हॉजवॉटरच्या धरणासाठीं मार्डेल हें खेडें बुडालें. १९३५ सालीं तेथील मंदिरांत शेवटची उपासना झाली. फार अवर्षण पडलें कीं त्या गांवाच्या भिंती पाण्याबाहेर दिसतात. आपल्याकडे पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं राजीव गांधी यांच्या हस्तें बसली, आणि वैनगंगेकांठच्या अनेक गांवांस आपलीं घरें सोडावीं लागलीं. मोठीं धरणें नकोतच असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तेथें त्याग एकाचा व पाणी दुसऱ्याचें असें घडतें. गांवतलावांत जो पाळीवर माती टाकतो, त्याच्याच ताटांत भात पडतो. असें साधन हातचें घालविणें शहाणपणाचें नव्हे.

१८४५ सालीं नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं या मुलखांतील खडकांचा व गोंड लोकांच्या गीतांचा अभ्यास केला. १८६३ सालीं नदींत बुडून त्यांचा अंत झाला; त्यांचे कागद १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं छापविले. परदेशीय माणसास जें इतक्या आस्थेनें जाणून घ्यावेंसें वाटलें, तें येथें जन्मलेल्यास क्षुल्लक कां वाटावें ?

उत्पत्तीच्या पुस्तकांत इसहाकाची एक कथा आहे. त्याच्या बापाच्या वेळच्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुनः उकरविल्या, आणि अब्राहामानें ठेविलेलींच नांवें त्यांस दिलीं. माती काढणें व नांव राखणें, हीं दोन्ही कामें त्यानें आपलीं मानिलीं.

विद्यार्थी मित्रहो, येत्या उन्हाळ्याच्या सुटींत आपल्या गांवांतील सर्वांत वृद्ध आजोबा-आजींकडे जा. तलावाचें नांव काय, पाळ कोणीं घातली, तुडूम कोठें आहे, पाणकर कोण होता, हें विचारून लिहून आणा. पुढील अंकांत त्यास जागा मिळेल. आणि गांवानें गाळ काढावयास घेतला, तर एक टोपली तुमच्याही डोक्यावर असूं द्या.