कुरखेड्याच्या भिंतीवरचा धनराज

१/५
डिसेंबर १९९८. कुरखेड्यात, सती नदीपासून जवळच्या एका घरात, एक शाळकरी मुलगा वर्तमानपत्रातील छायाचित्र जपून कापत होता. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचा तो कर्णधार होता, धनराज पिल्ले.

२/५
यापूर्वीचे सुवर्ण १९६६ चे, तेही बँकॉकचेच. मधली ३२ वर्षे भारत या पदकाविना राहिला होता.

३/५
मुलाला मात्र भुरळ घातली ती खडकीने. आयुध निर्माणीच्या वसाहतीतील तमिळ कुटुंब, मैदानाची निगा राखणारे वडील, तुटक्या स्टिका दोरीने बांधून खेळणारी भावंडे. त्यानेही एक वाकडी फांदी तासून घेतली.

४/५
सुवर्णानंतर लवकरच धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघातून वगळले गेले. घरचे म्हणाले, ‘आता काढ तो फोटो.’ मुलाने काढला नाही.

५/५
धनराज परतला. १९९२ ते २००४ या काळात तो चार ऑलिम्पिक खेळला. पदक एकदाही लाभले नाही. चाळिशीकडे झुकलेल्या त्या चाहत्याच्या भिंतीवर पिवळे पडलेले कात्रण अजून आहे. पदकांच्या तक्त्यात न मावणारा इतिहास असाही जपला जातो.